टीपॉयच्या काचेखाली

हातातली पिशवी मी टीपॉयवर ठेवली तशी भाची ओरडली, "आत्या, तिथं नको! स्टाईल केलंय मी ते."

लातूरहून नांदेडपर्यंत ती पिशवी मी मांडीवर धरून आणली होती. आत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी. दुसऱ्या दिवशी भाचीला बघायला पाहुणे येणार होते. घरात करणारं माणूस एकटी भावजय, म्हणून धाकट्या भावानं फोन करून मला बोलावून घेतलं होतं. आणि उंबरा ओलांडत नाही तोवर पिशवी कुठं ठेवायची ह्याची शिकवणी सुरू.

मी पिशवी खाली फरशीवर ठेवली. ठेवली म्हणजे आपटलीच. मला सवय आहे. लातूरला मी क्लासच्या पोरींची मेस चालवते, आणि पोरी मागं म्हणतात की काकू जेवायला वाढत नाहीत, ताटं आपटतात. खोटं नाही ते. राग आला की तो आधी माझ्या हातात येतो, तोंडात नंतर.

"काय केलंय म्हणालीस?" मी विचारलं.

"कॉफी टेबल स्टाईल केलंय."

आमच्या सात पिढ्यांत कुणी कॉफी पिली नाही. बाप चहासुद्धा बशीत ओतून फुर्र करून प्यायचा. आणि ह्या घरात आता कॉफीचं टेबल! मी नीट बघितलं. पितळेचा एक गोल ट्रे. त्यात एक जाड मेणबत्ती, पण ती पेटवायची नाही. शेजारी प्लास्टिकचं झाड, त्याला पाणी घालायचं नाही. तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं एकावर एक, ती वाचायची नाहीत, कारण मधलं काढलं की रंग बिघडतो म्हणे. पुस्तकांवर लाकडी मण्यांची माळ. मी म्हटलं, जपाची हाय का? तर भाची म्हणाली, नाही गं आत्या, टेक्श्चरसाठी.

"मग चहा आला की कप कुठं ठेवायचे? डोक्यावर?"

भाची हसली. चांगली पोर आहे, इंजिनिअर झालीय, घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. मोबाईलवर बघून बघून ती हे सगळं शिकली होती. सगळ्या वस्तू एका उंचीच्या नकोत, तीन ठेवाव्यात, चार नकोत, असलं काय काय मला सांगायला लागली. पण माझं ऐकण्यात ध्यान नव्हतं. मला तिथं काहीतरी कमी दिसत होतं. टीपॉय तोच होता, पाय तेच, सागवानी, भावानं मिस्त्रीकडून करून घेतलेला. वरची फळी मात्र पांढरी, संगमरवरासारखा कागद चिकटवलेली. आणि काच नव्हती.

"काच कुठंय गं?"

"बाल्कनीत काढून ठेवलीय. जुनाट दिसत होती, कडेला हिरवी."

"आणि काचेखालचा फोटो?"

भाचीनं आईकडं बघितलं. भावजय स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभी. ती हळूच म्हणाली, "आक्का, फोटो काचंला चिकटला हाय. निघंना. उद्या सकाळी भंगारवाल्याला बोलावलं होतं, पण तुम्हाला इचारल्याबिगर..."

पुढचं मी ऐकलंच नाही. बाल्कनीत गेले. कुंड्या, जुना कूलर, फुटका माठ, आणि त्यांच्या मागं भिंतीला टेकवलेली ती काच. तिच्या पाठीवर फोटोचा पांढरा कागद. कुंडीला घातलेल्या पाण्याचे शिंतोडे काचेवर. मी काच फिरवली. उलट्या काचेतून माझी माय माझ्याकडं बघून हसत होती, डोकं खाली, पाय वर.

आता त्या फोटोचं सांगायला पाहिजे, नाहीतर मी एवढी का पेटले ते कळणार नाही.

माझ्या मायनं जन्मभर जमिनीवर बसून दिवस काढले. आमचं गाव लोह्याकडचं. शेत होतं, राबणं होतं, बाजेवर बाप बसायचा आणि माय खाली. पुढं बाप गेला, शेत बटईनं दिलं, भावाला नांदेडात नोकरी लागली आणि त्यानं हे घर घेतलं. माय इथं राहायला आली. सोफा आला, टीपॉय आला, त्यावर काच आली. तरी माय खालीच. पाहुणे आले की ती स्वयंपाकघराच्या दाराशी फरशीवर बसायची, डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत ओढून. मी म्हणायची, "माय, वर बस की." ती म्हणायची, "वर लोकं बसत्यात, बाई." म्हणजे तू कोण गं? तू लोकांत नाहीस? मला असा संताप यायचा की काय सांगू.

घराच्या वास्तुशांतीला सगळे सोयरेधायरे आले. मायनं पहाटेपासून पुरणावर हात चालवला. संध्याकाळी सगळे गेले, घरचे तेवढे राहिलो. तिचे पाय सुजून फुगलेले. मी तिला धरून सोफ्यावर बसवलं आणि म्हटलं, "ठेव पाय टीपॉयवर."

"बया! काचंवर? फुटंल की."

"फुटू दे."

तिनं एक पाय ठेवला. काच फुटली नाही. मग दुसरा ठेवला. भेगा पडलेल्या टाचा, हळदीनं पिवळी झालेली नखं, आणि त्या दोन पायांच्या मधून दिसणारं तिचं तोंड. तिला एकदम हसूच आलं. पदर खांद्यावर आलेला, पुढचे दोन दात पडलेले, आणि माय अशी हसली की मी तिला तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. फोटोवाला सामान आवरत होता. त्याच्या रोलात एक फोटो उरला होता, तो त्यानं तिथंच उडवला.

भावानं अल्बम केला तेव्हा तो फोटो घेतला नाही. म्हणाला, असला फोटो लोकांना कसा दाखवायचा, घरातली म्हातारी टीपॉयवर पाय टाकून बसलीय. मायनं काही वाद घातला नाही. तिनं दुसऱ्या दिवशी काचेचा कोपरा उचलला, फोटो आत सरकवला आणि वरून क्रोशाचा रुमाल पसरला. दुपारी घरात कुणी नसलं की रुमाल बाजूला करून स्वतःलाच बघायची. मी एकदा तिला पकडलं, तर लाजून म्हणाली, "बघ की, कशी राणीवाणी बसले."

माय गेली, त्याला सहा वर्षं झाली. तेराव्याला आले तर भिंतीवर हार घातलेला फोटो कुठला? तर आधार कार्डावरचा मोठा करून आणलेला. डोळे ताणलेले, ओठ मिटलेले, कुणीतरी दमदाटी करून बसवल्यासारखी. मी म्हटलं, काचेखालचा फोटो लावा. तर बसलेल्या चुलत्या-मावळणी माझ्यावरच तुटून पडल्या. पाय वर करून बसलेल्या बाईला हार घालत्यात का? लोक काय म्हणतील? भाऊ मान खाली घालून बसलेला. मी त्याला विचारलं, तू बोल. तुझी माय हाय. तो म्हणाला, "आक्का, लोकांच्या पुढं नको, जाऊ दे ना आता."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी टीपॉयवर आपटला, पिशवी उचलली आणि जेवायच्या आधी लातूरची बस धरली.

त्यानंतर राखीपुरतं जाणं. जायचं, राखी बांधायची, निघायचं. दर वेळी टीपॉयवर तोच रुमाल दिसायचा, चारी कोपरे ताणून घातलेला, आणि मी मनात म्हणायची, झाकली बघा ह्यानं मायला. जितेपणी दाराशी बसवली आणि मेल्यावर रुमालाखाली. मी कधी तो रुमाल उचलला नाही. उचलला असता तर रडले असते, आणि मला त्या घरात रडायचं नव्हतं.

आणि आता ही काच, कूलरच्या मागं.

मी ती तशीच दोन्ही हातांनी उचलून हॉलमध्ये आणली आणि सोफ्यावर आडवी ठेवली. ठेवताना आपटली नाही, एवढी अक्कल राहिली होती. पण तोंड सुटलं. काय काय बोलले, सगळं लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, तुम्हाला मेणबत्ती चालती, न पेटणारी. झाड चालतं, न वाढणारं. न वाचायची पुस्तकं चालत्यात. जिनं तुम्हाला भाकरी भाजून घातली ती तेवढी चालत न्हाई! कधी रुमाल, कधी ट्रे! ह्या टीपॉयवर येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांसाठी जागा हाय, घरच्या माणसाला न्हाई!

भाची रडकुंडीला आली. "आत्या, मी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलाय त्याचा. हे बघ ना." बघितला. मायच्या तोंडावर ट्यूबलाईटचा पांढरा पट्टा आणि काचेत भाचीचाच हात. मी म्हटलं, "हे ठेव तुझ्या टेक्श्चरसाठी." वाईट बोलले. पोरीचा काय दोष होता त्यात? तिनं फोटोचा एक कोपरा ओढून बघितला होता, त्यातल्या मागच्या पडद्याचा तुकडा फाटला तशी घाबरून हात काढला होता. गल्लीतल्या फोटोवाल्यालाही विचारून आली होती. तो म्हणाला होता, पाण्यात भिजवलं तर कधी निघतो, कधी सगळा रंगच वाहून जातो. आणि निगेटिव्ह कुठली मिळायची आता?

भाऊ तेवढ्यात ऑफिसातून आला. सोफ्यावरची काच बघितली, मला बघितलं, आणि चप्पल न काढता उभाच राहिला.

मी म्हटलं, "एवढा तुकडा कापून घेऊ. फोटोसकट काच कापायची. मी लातूरला नेते तिला. माझ्या मेसमध्ये लावते, शंभर पोरी रोज बघतील. तुझ्या घरी तिला जागा न्हाई."

त्याला वाटलं असतं तर तो भांडला असता. तो एवढंच म्हणाला, "कापताना फुटली तर?"

"फुटली तर फुटली. भंगारात जाण्यापरीस बरं."

म्हणायला म्हणाले. एकच फोटो. कापताना चीर फोटोवरून गेली असती तर माय दुभंगली असती, आणि तसं हसणारी माय मग जगात कुठंच नव्हती.

काच चादरीत गुंडाळून मी आणि भाऊ रिक्षानं इतवारा बाजाराकडं निघालो. काच आम्हा दोघांच्या मांडीवर आडवी. खड्डा आला की दोघंही श्वास धरायचो. सहा वर्षांत एवढा वेळ आम्ही एका बाकावर बसलो नव्हतो. मी रस्त्याकडं तोंड करून बसले होते. त्यालाही ते कळत होतं.

काचेच्या दुकानातले चाचा म्हातारे, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांनी काच उजेडाला धरली, कडेवर नख वाजवलं.

"सादी काच है, आपा. टफन रहती तो मैं हातच नै लगाता, पूरा चुरा हो जाता. ये कटती. लेकिन फोटू के पास से नै, दो उंगल छोड के मारना पडता."

मी म्हटलं, "मारो."

चाचांनी काच टेबलावर ठेवली, फोटो खालच्या बाजूला. वरून आरपार माय दिसत होती. चाचा तिच्याकडं बघून हसले. "अम्मा लई मजे में बैठी है." पट्टी लावली, कटर रॉकेलच्या डबीत बुडवला आणि वाकले. मग थांबले. फडक्यानं काच पुसली, परत पुसली.

"ये डाग ऊपर का नै है. अंदर का है."

मी वाकून बघितलं. फोटोच्या एका कडेनं तपकिरी डाग पसरलेला होता, मायच्या पायापासून साडीच्या काठापर्यंत, वाळलेल्या पाण्याचा असतो तसा, कडेला गडद. बाल्कनीत मला तो सावलीसारखा वाटला होता. चाचा म्हणाले, "चाय का है. चाय अंदर गयी, इसी वास्ते चिपका. कौन गिराया?"

मी रागानं भावाकडं वळले. विचारणारच होते की कुणाच्या पाहुणचारात सांडला. भाऊ माझ्याकडं बघत नव्हता. तो पट्टीकडं बघत होता.

"तेराव्याला," तो म्हणाला.

एवढंच. पण मला पुरलं. माझ्या हातातला कप मला दिसला. मी आपटला, आणि मागं वळून बघितलं नव्हतं. अर्धा कप चहा असेल त्यात. काचेवरून वाहत कडेला गेला असेल, कडेवरून खाली, फळीवर, आणि तिथून मायच्या पायाशी.

"मी रुमालानं वरनं पुसलं," भाऊ म्हणाला. "आत गेला ते चार दिवसांनी कळलं. काच उचलाया गेलो तर फोटो संगं आला. म्हणून तशीच ठेवली, वर रुमाल टाकून. कुणाला हात लावू दिला न्हाई. ह्या पोरीनं आज मी ऑफिसात असताना काढली."

"मग मला का सांगितलं न्हाईस?" मी एवढ्या जोरात ओरडले की दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "सहा वर्षं! सहा वर्षं मी म्हणतेय तू मायला झाकली!"

"आक्का, माय नुकती गेल्ती. त्यात तुला काय सांगू, की तुझ्याच हातानं..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "तुला डाग दिसू ने म्हणून रुमाल घातला. मी बोललो न्हाई तेराव्याला, ती माझी चूक. बोलाया पाहिजे होतं."

मला रागच आला. त्याच्यावर आला, की मेल्या, एवढं पोटात ठेवून मला दर राखीला ओवाळू दिलंस, माझे टोमणे खाल्लेस. आणि माझ्यावर आला, तो तर असा आला की हात कुठं आपटावा कळेना. दुकानात सगळीकडं काचा. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घट्ट धरले आणि स्टुलावर बसले.

चाचांनी विचारलं, "काटू, या रहने दूं?"

भाऊ म्हणाला, "काटो."

कटरचा आवाज बारीक, करकरीत. एक रेघ, दुसरी रेघ. चाचांनी खालून टकटक केलं, काच टेबलाच्या कडेवर आणली आणि झटका दिला. मी डोळे मिटले होते. कट्ट असा आवाज झाला. मग आणखी तीनदा. डोळे उघडले तेव्हा चाचा कडा घासत होते, आणि मायचे दोन्ही पाय, पडलेले दात, सगळं जिथल्या तिथं होतं. डागही. चाचांनी विचारलं, डागावर फ्रेमची पट्टी घेऊ का, झाकला जाईल. भाऊ माझ्याकडं बघायला लागला.

"नको," मी म्हटलं. "दिसू दे."

फ्रेम करून घेऊन परत येताना रिक्षात मी म्हटलं, "तुझ्याकडंच ठेव तिला. पण रुमाल घालायचा न्हाई."

"हाव," तो म्हणाला.

घरी भाचीनं फ्रेम हातात घेतली. बराच वेळ बघत बसली. मग पितळेच्या ट्रेमधली मेणबत्ती काढली, झाड काढलं, पुस्तकं उचलून कपाटात टाकली आणि आजीला तिथं उभी केली. "तीन वस्तू पाहिजेत ना तुझ्या?" मी विचारलं. म्हणाली, "एकच पुरते, आत्या." मी तिला जवळ घेतलं आणि टेक्श्चरबद्दल बोलले त्याची माफी मागितली. माझ्या तोंडून माफी ऐकून भावजयीच्या हातातलं लाटणंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. सात माणसं. सोफ्यावर मावेनात, तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि कान बाहेर होते. मुलाच्या चुलत्याचा आवाज आला, "ह्या कोण म्हणायच्या? चांगल्या ऐटीत बसल्यात."

गाळणी माझ्या हातात तशीच राहिली.

"माझी माय," भाऊ म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, सातही माणसांना ऐकू जाईल असं. "ह्याच टीपॉयवर पाय ठेवून बसलीय. मी काच घातली ती तिच्यासाठीच."

खोटं बोलला. काच लोकांसाठीच घातली होती. पण मला ते खोटं लई आवडलं.

मी ट्रे घेऊन बाहेर आले. कप काठोकाठ भरलेले. टीपॉयवर फ्रेमच्या दोन्ही बाजूंनी जागा होती, त्यात कप मांडायचे होते. मी वाकले आणि पहिला कप उचलला. पाहुणे पोरीकडं बघत होते. भाऊ माझ्या हाताकडं बघत होता.

कप ठेवला, त्याचा आवाज झाला नाही.